बारा कोस आणि एक तास

बोलीविज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक मराठी प्राध्यापकाच्या तोंडी एक वाक्य दरवर्षी येतेच : दर बारा कोसांवर भाषा बदलते. माझ्याही तोंडी ते गेली वीस वर्षे येत आहे. विद्यार्थ्यांना हे वाक्य आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे ते सिद्ध करण्याची गरज पडत नाही. फळ्यावर दोनतीन बोलींतले चार शब्द लिहिले की काम भागते. पण हे वाक्य नीट ऐकले तर त्यात एक गृहीतक दडलेले आढळते. भाषा बदलण्याचे कारण अंतर आहे, असे ते गृहीतक. माणसे एकमेकांपासून लांब राहिली, म्हणून त्यांचे बोलणे वेगळे झाले.

आता हे कोस म्हणजे काय, तेही पाहिले पाहिजे. कोस हे पायी चालणाऱ्याचे माप आहे. सुमारे दोन मैलांचा एक कोस धरला, तर बारा कोस ही धडधाकट माणसाची दिवसभराची चाल होते. आपल्याकडे अंतर सांगण्याची रीतच अशी होती. ‘एका मजलेवर’, ‘दोन दिवसांच्या वाटेवर’, ‘हाकेच्या अंतरावर’ अशा शब्दांत गाव किती लांब ते कळे. त्या मापांत जमीन आणि वेळ यांची फारकत झालेली नव्हती. म्हणजे बारा कोसांच्या त्या म्हणीतले माप वरवर अंतराचे दिसले तरी आतून ते वेळेचे आहे. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत जिथे पोचतो, तिथे त्याला आपल्या बोलीपेक्षा निराळी बोली ऐकू येते, एवढेच ती सांगते.

विमानाने ही फारकत केली. विमानाच्या प्रवासात अंतर एक सांगितले जाते, वेळ दुसरी, आणि घड्याळ तिसरेच काही दाखवते. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, हे पाहायचे असेल तर जगाच्या उत्तर टोकाजवळचे दोन लहान विमानतळ पाहावेत. एक अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोमचा आणि दुसरा रशियाच्या चुकोत्का प्रांतातील प्रोविदेनियाचा. गेली काही वर्षे मी या दोन ठिकाणांविषयी मिळेल ते वाचत आले आहे. तिथे जाण्याचा योग येईल असे वाटत नाही. परंतु बारा कोसांचे ते वाक्य मी आता पूर्वीसारखे उच्चारू शकत नाही, याला कारण ही दोन ठिकाणे.

नकाशात ही गावे शोधू गेल्यास प्रथम चकवा बसतो. आपल्याकडच्या पुष्कळ भिंतीवरच्या नकाशांत आशिया खंड अखंड राहावा म्हणून कात्री बेरिंग सामुद्रधुनीवर चालवलेली असते. परिणामी अलास्का डाव्या टोकाला जातो आणि चुकोत्का उजव्या. नोम आणि प्रोविदेनिया यांच्यामध्ये सगळे जग अंथरलेले दिसते. पृथ्वीचा गोल हातात घेऊन फिरवला की मग कळते, ही तर समोरासमोरची घरे आहेत. दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, चौसष्ट आणि पासष्ट अंश उत्तर यांच्या दरम्यान आहेत. दोन्ही विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३७५ किलोमीटर भरते. जेट विमानाला तासाभरापेक्षा कमी वेळ लागतो; पंख्याच्या लहान विमानाला तासाहून थोडा अधिक.

घड्याळाचा हिशेब मात्र निराळा आहे. दोन्ही गावांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. हिवाळ्यात नोमच्या आणि प्रोविदेनियाच्या घड्याळांत एकवीस तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात वीस तासांचा. हिवाळ्यातल्या एखाद्या सोमवारी सकाळी दहा वाजता नोमहून निघालेले विमान तासाभराने प्रोविदेनियाला उतरले, तर तिथे मंगळवारची सकाळ असते आणि आठ वाजलेले असतात. तेच विमान मंगळवारी सकाळी दहा वाजता परत निघाले, तर नोमला पोचेल सोमवारी दुपारी दोन वाजता. निघण्याच्या आदल्या दिवशी पोचणे ही गोष्ट आपल्या कथावाङ्मयात केवळ सिद्धपुरुषांना साधते. इथे ती कोणत्याही तिकीटधारकाला साधली असती. अर्थात तिकीट मिळाले असते तर.

कारण या दोन विमानतळांमधला खरा प्रवासकाळ घड्याळावर मोजताच येत नाही. तो मोजायचा तर सनावळी लागते.

उत्तरेकडच्या या भागात वाहतुकीचा इतिहास वेगाच्या हिशेबातच लिहावा लागतो. नोम हे सोन्याच्या शोधातून १८९८-९९च्या सुमारास उभे राहिलेले गाव. १९२५च्या जानेवारीत तिथे घटसर्पाची साथ पसरू लागली आणि पुरेसे प्रतिविष जवळ नव्हते. समुद्र गोठलेला, विमाने त्या थंडीत उडवणे धोक्याचे. अखेर रेल्वेच्या नेनाना या स्थानकापासून नोमपर्यंतचे सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर वीस चालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने घसरगाड्यांवरून कापले. त्याला साडेपाच दिवस लागले. पुढे अवघ्या सतरा वर्षांनी याच गावावरून लढाऊ विमानांची रांग लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सोव्हिएत संघाला दिलेली सुमारे आठ हजार विमाने १९४२ ते १९४५ या काळात अलास्कामार्गे सैबेरियात गेली. फेअरबँक्सला ती सोव्हिएत वैमानिकांच्या ताब्यात दिली जात. तिथून ती नोमला येत आणि सामुद्रधुनी ओलांडून चुकोत्कातील उएल्कालला उतरत. म्हणजे या पाण्यावरून उडण्यात तंत्राची किंवा हवामानाची अशी कोणतीही अडचण नव्हती, जी युद्धाच्या निकडीने दूर झाली नाही. वाट तयार होती, मळलेली होती. ती तीन वर्षांनी बंद झाली, ती वेगळ्या कारणाने.

या पाण्याच्या दोन्ही काठांवर विमानांच्या कितीतरी आधीपासून युपिक लोक राहत आले आहेत. सामुद्रधुनीच्या दक्षिणेला सेंट लॉरेन्स नावाचे बेट आहे. ते अमेरिकेचे, पण त्याच्या पश्चिम टोकाचे गॅम्बेल हे गाव अलास्काच्या मुख्य भूमीपेक्षा चुकोत्काच्या किनाऱ्याला कितीतरी जवळ आहे. मधले अंतर साठेक किलोमीटरचे. आपल्या मापाने वीस कोस. आकाश निरभ्र असेल तेव्हा गॅम्बेलहून पलीकडचे डोंगर दिसतात. वालरसच्या कातड्याने मढवलेल्या होड्यांतून माणसे पलीकडे जात, तिकडची इकडे येत. सोयरिकी होत, व्यापार होई, शिकारीच्या गोष्टी सांगितल्या जात. पलीकडच्या किनाऱ्यावर चाप्लिनो हे युपिकांचे मोठे गाव होते. त्यांच्या भाषेत त्याचे नाव उंगाझिक. गॅम्बेलची भाषा आणि चाप्लिनोची भाषा एकच. भाषाशास्त्रज्ञ त्यांच्यात जवळजवळ फरक करत नाहीत.

इथे बारा कोसांची म्हण पहिल्यांदा अडखळते. वीस कोसांचे अंतर, तेही जमिनीचे नव्हे तर बर्फाळ समुद्राचे, आणि भाषा बदललेली नाही. उलट त्याच सेंट लॉरेन्स बेटावरून पूर्वेला अलास्काच्या भूमीवर गेल्यास तिथल्या युपिकांची भाषा नात्यातली असूनही वेगळी आहे. ज्या दिशेला होड्या जात राहिल्या, त्या दिशेला भाषा एक राहिली. १८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लक्ष डॉलरला विकला आणि या पाण्यावरून सीमारेषा ओढली गेली. पण रेषा कागदावर होती, पाण्यावर ती कुणाला दिसत नव्हती. आठ दशके तिच्यावरून होड्या जात-येत राहिल्या. १९३० च्या दशकात तर दोन्ही सरकारांनी स्थानिकांच्या या येण्याजाण्याला रीतसर मान्यताही दिली होती.

१९४८ साली ती वाट बंद झाली. शीतयुद्ध सुरू झाले होते, दोन्ही सरकारांना एकमेकांचे भय होते, आणि दोघांच्या मते या भयावरचा उपाय एकच होता. होड्या थांबल्या. सामुद्रधुनीच्या मधोमध डायोमीड नावाची दोन बेटे आहेत, जेमतेम चार किलोमीटरच्या अंतरावर. थोरले रशियाचे आणि धाकटे अमेरिकेचे. थोरल्यावरच्या मूळ रहिवाशांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. पुढे १९५८ साली चाप्लिनो गावही रिकामे करून लोकांना प्रोविदेनियाजवळच्या नव्या वस्तीत नेण्यात आले. ज्या काठावर उभे राहून पलीकडचे पाहता येत असे, तो काठही गेला. साठ किलोमीटरवर राहणाऱ्या बहिणीचे काय झाले हे कळायला, ज्यांच्या नशिबी ते कळणे होते त्यांना, चाळीस वर्षे लागली. कित्येकांना ते कळलेच नाही.

ही कोंडी फुटली ती १९८७-८८ मध्ये. ७ ऑगस्ट १९८७ रोजी लिन कॉक्स ही अमेरिकन जलतरणपटू धाकट्या डायोमीडहून थोरल्या डायोमीडपर्यंत पोहून गेली. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, पाणी गोठणबिंदूच्या काही अंशच वर. तिला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. त्या वर्षाच्या डिसेंबरात वॉशिंग्टनला गेलेल्या गोर्बाचेव यांनी तिच्या धाडसाचा जाहीर उल्लेख केला. नंतर १३ जून १९८८ रोजी अलास्का एअरलाइन्सचे एक बोईंग विमान नोमहून प्रोविदेनियाला गेले. त्यात अलास्काचे गव्हर्नर होते, पत्रकार होते, आणि सेंट लॉरेन्स बेटावरची युपिक माणसेही होती. ‘मैत्रीचे उड्डाण’ म्हणून ते ओळखले जाते. हवेत ते तासभरदेखील नव्हते.

या तासाभराच्या उड्डाणाची वर्णने मी वाचली तेव्हा राजकारणापेक्षा भाषेचा भाग मला अधिक जवळचा वाटला. प्रोविदेनियाच्या भेटीगाठींत दोन्हीकडची म्हातारी माणसे एकमेकांशी दुभाष्यावाचून बोलू शकली. चाळीस वर्षे एकमेकांचा शब्द कानी पडला नव्हता, तरी भाषा शाबूत होती. तरुणांचे मात्र तसे नव्हते. चुकोत्कातील एकदोन पिढ्या वसतिगृहांच्या रशियन शाळांत वाढल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळांना आजीची भाषा समजत असली तरी बोलता येत नव्हती. सेंट लॉरेन्सवर त्या काळी मुले अजून घरात युपिक बोलत, पण त्यांच्यावर इंग्रजीचा जोर वाढत होता. पुढे तिथेही मुले इंग्रजीकडे वळली. शिवाय लिपीचा प्रश्न होता. युपिक भाषा रशियात सिरिलिक लिपीत लिहिली जाते, अलास्कात रोमन लिपीत. होडीला दोन्हीकडे ‘अंग्याक’ असेच म्हणतात. पण एकीकडच्या शाळेत शिकलेल्या मुलाला दुसरीकडच्या पुस्तकात तो शब्द ओळखता येणार नाही. कानाला जो शब्द एक, तो डोळ्यांना परका झाला.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे ऐकून मोडी आठवावी. आपली लिपी बदलली तेव्हा आपल्याच पूर्वजांची पत्रे आपल्याला वाचता येईनाशी झाली. फरक इतकाच की आपला तुटलेला धागा मागच्या काळाशी जोडलेला होता, युपिकांचा तुटला तो समोरच्या किनाऱ्याशी.

वाङ्मयाचा प्रवासही याच लांबच्या वाटेने झाला. यूरी रित्खेउ हा चुक्ची लेखक १९३० मध्ये उएलेन येथे जन्मला. चुकोत्काच्या अगदी पूर्व टोकाला असलेल्या या गावापासून अलास्काचा किनारा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. रित्खेउने चुक्ची आणि रशियन या दोन्ही भाषांत लिहिले. लेखक म्हणून तो घडला लेनिनग्राडमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मायदेशात त्याला प्रकाशक मिळणे अवघड झाले, तेव्हा झुरिकच्या एका प्रकाशनसंस्थेने काढलेल्या जर्मन अनुवादांनी त्याला तारले. एका परदेशी खलाशाला चुक्ची लोकांत राहावे लागते, तो त्यांच्यातलाच होतो, अशी कथा सांगणारी त्याची कादंबरी ‘अ ड्रीम इन पोलर फॉग’ या नावाने अमेरिकेत इंग्रजीत आली ती २००५ साली. तीन वर्षांनी लेखक वारला. उएलेनहून समोरच्या किनाऱ्यावर जाण्यासाठी त्या कथेला लेनिनग्राड, झुरिक आणि न्यूयॉर्क असा पृथ्वीला वळसा घालावा लागला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात आपण ‘प्रभाव’, ‘संक्रमण’ असे शब्द सहज वापरतो. एखादी कृती एका भाषेतून दुसरीत गेली असे म्हणतो. ती कोणत्या वाटेने गेली आणि जवळची वाट का उपलब्ध नव्हती, हे विचारायचे बहुधा राहून जाते.

१९८८ नंतरची काही वर्षे आशेची होती. १९८९ मध्ये दोन्ही देशांनी करार करून सीमेलगतच्या मूळ रहिवाशांना व्हिसाविना एकमेकांकडे जाण्याची मुभा दिली. नोमच्या बेरिंग एअर या लहान कंपनीची विमाने मागणीनुसार प्रोविदेनियाला जात-येत राहिली. नातेवाईक एकमेकांच्या घरी राहून आले, शिक्षक आले-गेले, नृत्याचे मेळावे झाले. मग हळूहळू कागदपत्रे वाढली, येणेजाणे विरळ झाले. २०२० मध्ये महामारी आली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अमेरिकेने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, आणि उरलीसुरली वाटही मिटली.

एक हिशेब करून पाहावा. आज नोममधल्या एखाद्या युपिक माणसाला प्रोविदेनियाच्या नातेवाइकाकडे विमानाने जायचे असेल तर शक्य असलेला एक मार्ग असा : नोमहून अँकरेज, तिथून सिअ‍ॅटल, तिथून इस्तंबूल, मग मॉस्को, मग सगळा रशिया ओलांडून अनादीर, आणि तिथून प्रोविदेनिया. सरळ रेषांची नुसती बेरीज केली तरी ती वीस हजार किलोमीटरांच्या वर जाते. म्हणजे ३७५ किलोमीटरांसाठी पृथ्वीच्या निम्म्या परिघाहून अधिक प्रवास. चुकोत्का सीमावर्ती प्रदेश असल्याने परकीयांना तिथे जाण्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो निराळा. धुक्यात आणि वादळात अडकून पडायचे दिवसही निराळेच. हा प्रवास भिंतीवरच्या त्या नकाशासारखा आहे. कात्री जिथे चालली तिथून तो सुरू होतो आणि सगळे जग चालून कात्रीच्या दुसऱ्या बाजूला येतो.

बारा कोसांच्या म्हणीकडे यानंतर पाहिले की ती खोटी वाटत नाही, पण अपुरी वाटते. भाषा अंतराने बदलते खरी, पण कोणत्या अंतराने? युपिकांची भाषा वीस कोसांच्या समुद्राने बदलली नाही. ती चाळीस वर्षांच्या बंदीने आणि दोन वेगळ्या शाळांनी बदलली. आपल्याकडेही याचा उलटा पुरावा आहे. पंढरीच्या वाटेने शतकानुशतके माणसे चालत राहिली, म्हणून नामदेवांचे आणि तुकोबांचे शब्द बारा कोसांवर थांबले नाहीत. वऱ्हाडातल्या आणि कोकणातल्या माणसाला ते सारखेच आपले वाटले. बोलींच्या नकाशावर आपण ज्या समभाषारेषा काढतो त्या डोंगर आणि नद्या यांच्या आधाराने समजावून देण्याची आपल्याला सवय आहे. त्या रेषांखाली कोणत्या वाटा होत्या आणि त्या कुणी चालू ठेवल्या किंवा कुणी अडवल्या, हेही त्याच तासाला सांगायला हवे, असे आता मला वाटते. डोंगर आणि समुद्र स्वतः होऊन कुणाला बोलायचे थांबवत नाहीत. ते काम माणसांना करावे लागते, आणि माणसांनी केलेले म्हणून ते कधीतरी मागेही घेता येते.

ते केव्हा मागे घेतले जाते, हा मात्र इथे कळीचा प्रश्न आहे. १९४८ साली वाट बंद झाली तेव्हा पलीकडच्याशी आपल्या भाषेत बोलू शकणारी तरुण माणसे दोन्ही काठांवर भरपूर होती. त्यांच्यातली जी उरली ती साठीच्या घरात असताना १९८८ चे विमान आले. म्हणून तो संवाद होऊ शकला. चाळीस वर्षांचा खंड एका माणसाच्या आयुष्यात कसाबसा मावला. २०२२ साली वाट पुन्हा बंद झाली तेव्हा परिस्थिती तशी नव्हती. चुकोत्कात ही भाषा सहज बोलणारे आता मुख्यतः वृद्धच उरले आहेत, आणि सेंट लॉरेन्सवरही मुलांची पहिली भाषा बहुधा इंग्रजी झाली आहे. या खेपेला वाट उघडायला चाळीस वर्षे लागली तर विमान तेव्हाही तासाभरात पोचेल. उतरणाऱ्यांना आणि त्यांना घ्यायला आलेल्यांना मात्र एकमेकांशी बोलण्यासाठी दुभाषी लागेल.